चालू दर (फक्त हद्दीत)

मजुरी माणसाला मिळते, असा एक जुना आणि सार्वत्रिक गैरसमज आहे. प्रत्यक्षात मजुरी जागेला मिळते. माणूस त्या जागेवर असला तर ती त्याच्या हातात पडते, बाजूला सरकला तर पडत नाही, आणि जागाच सरकली तर काय होतं ते पुढे येईलच. हे शास्त्र मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. माझं शिक्षण सातवी पास, तेही राजापुरात. पुढचं सगळं मनामातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या फायलींत झालं. तिथे मी टायपिस्ट म्हणून लागले आणि दुसरं कुणी नव्हतं म्हणून पत्रव्यवहार, भाषांतर आणि चहाची साखर ही खातीही हळूहळू माझ्याकडे आली. (पैकी साखरेबद्दल आजवर एकही तक्रार नाही.)

गोष्ट सत्त्याण्णव सालची. हिद्दच्या किनाऱ्याला समुद्रात दगड टाकून नवी जमीन करायचं सरकारी काम निघालं. बहरीनमध्ये जमीन थोडी आणि समुद्र भरपूर, त्यामुळे जमीन कमी पडली की ती बनवून घ्यायची इथे रीत आहे. दगड वाहून न्यायचं पोटकंत्राट आमच्या कंपनीला मिळालं. रिफाच्या पलीकडच्या खाणीत डंपर भरायचा, मनामा मागे टाकून पूल ओलांडायचा, मुहर्रकला यायचं, हिद्द गावातून जायचं आणि समुद्राच्या काठावर हौदा उचलून दगड ओतायचा. मग परत रिफा. काम इतकं सोपं होतं की त्याला नियमांची गरज आहे हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

ते परदेशी बँकेच्या लक्षात आलं. कामाला पैसा तिचा होता, आणि परदेशी पैशाबरोबर परदेशी सदसद्विवेकबुद्धीही येते. तिचं वेगळं भाडं पडत नाही. करारात एक कलम होतं: सार्वजनिक कामावरील प्रत्येक कामगारास चालू दराने मजुरी द्यावी. इंग्रजीत त्याला प्रिव्हेलिंग वेज म्हणतात. मी डिक्शनरी काढून पाहिलं. प्रिव्हेलिंग म्हणजे सगळीकडे चालू असलेला. तो दर कामावर देखरेख करणाऱ्या कन्सल्टंटच्या एका तक्त्यात छापून आला होता, आणि आमच्या ड्रायव्हरांना मिळत होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट होता. पलीकडच्या कंपनीत विचारलं, त्यांच्याकडेही नव्हता. सित्राच्या कंपनीत विचारलं, ते हसले. तेव्हा चालू दर ओळखायची खूण माझ्या ध्यानात आली ती अशी की तो कुठेही चालू नसतो.

आमचे अकाउंट्स मॅनेजर गुरुप्रसाद सर हे बेळगावचे, सज्जन गृहस्थ. दर गुरुवारी उपास करतात आणि कुणाचा पैसा बुडवत नाहीत; फक्त द्यायचाच नसेल तर तो बुडण्याचा प्रश्न येत नाही, एवढी ते काळजी घेतात. त्यांनी ते कलम तीन दिवस वाचलं. चौथ्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"रुकय्याबाई, 'कामावरील' म्हणजे काय?"

"कामावर असलेला, सर."

"आणि काम कुठं आहे?"

"हिद्दला."

"साइटच्या हद्दीत," ते म्हणाले. "हद्दीच्या बाहेर जो आहे तो कामावर नाही. तो माल पुरवणाऱ्याचा माणूस. दगडाबरोबर आलेला."

म्हणजे असं ठरलं: ड्रायव्हर खाणीपासून गेटपर्यंत दगडाचा भाग आहे. त्याचा दर आमचा, जुना. गेटच्या आत शिरला की तो कामगार होतो; त्याचा दर चालू. दगड ओतून बाहेर पडला की पुन्हा दगड. (रिकाम्या डंपरमध्ये दगड नसताना तो कशाचा भाग असतो, हा प्रश्न मी विचारला होता. सरांनी चहा मागवला.)

गेटवर आमचा टाइमकीपर जगदीश बसायचा. भंडाऱ्याचा, दीक्षाभूमीचा फोटो केबिनमध्ये लावलेला, हिशोबात चोख. कोणता डंपर कधी आत आला, कधी बाहेर गेला, हे लिहायचं त्याचं काम. आत साधारण वीस मिनिटं, बाहेर दोन तास. जगात अशी फार थोडी माणसं असतील ज्यांची किंमत दिवसातून पाच वेळा दुप्पट होते आणि पाच वेळा निम्मी. आमच्याकडे बावीस होती.

त्यातला एक रहिमतुल्ला. बाणकोटचा. पस्तिशीचा, हडकुळा, बोलायला हळू आणि चालवायलाही हळू. त्याच्या केबिनमध्ये एक टेप होता आणि टेपमध्ये कायम बायकोची कॅसेट. हमीदा तिचं नाव. पत्र लिहिण्यापेक्षा ती बोलून पाठवायची. मी एकदा साइटवर जायला त्याच्या डंपरमध्ये बसले तेव्हा पूल येईपर्यंत ऐकली: छपराची कौलं, शेजाऱ्याची कोंबडी, सोसायटीचं रेशन, "आणि तुमी आयकताव की नाय?" असं मधून मधून. रहिमतुल्ला स्टिअरिंगवर बोटं ठेवून "आयकतंय, आयकतंय" म्हणायचा.

"दुसऱ्या बाजूला काय आहे?" मी विचारलं.

"हाच. पण रागान."

लग्नाला नऊ वर्षं झालेली, संसार मात्र दोन वर्षांनी मिळणाऱ्या सुट्टीत उरकलेला. मूल नव्हतं. त्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला त्याची आई वारली. आता बाणकोटच्या घरात हमीदा एकटी. त्यानंतर कॅसेटवर कोंबड्या कमी झाल्या आणि मधले गप्प बसायचे भाग वाढले. एक दिवस तो ऑफिसात आला, दारातच उभा राहिला.

"आपा, फॅमिली व्हिसा काढायचाय. पगाराचा सर्टिफिकेट दे."

आता फॅमिली व्हिसाला पगाराचा एक ठरावीक आकडा लागतो, हे बहरीनमध्ये राहणाऱ्या प्रत्येक नवऱ्याला पाठ असतं. बायकोचा वाढदिवस एक वेळ पाठ नसेना का. जुन्या दराने रहिमतुल्ला त्या आकड्याच्या बराच खाली होता. चालू दराने आरामात वर. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गेटच्या आत तो बायको आणायला लायक होता आणि गेटच्या बाहेर नव्हता.

मी खोटं टाइप करत नाही. (टायपिंगच्या चुका वेगळ्या.) म्हणून मी खरं तेच लिहिलं: 'सदर इसमाचा पगार गेटच्या आत असताना अमुक व गेटच्या बाहेर असताना तमुक इतका आहे.' सरांनी सही केली, शिक्का मारला. रहिमतुल्ला इस्त्रीचा शर्ट घालून इमिग्रेशनच्या खिडकीवर गेला. खिडकीपलीकडचा माणूस सभ्य होता. त्याने ते दोनदा वाचलं आणि अगदी काळजीने विचारलं, "बीवी गेट के अंदर रहेगी या बाहर?"

रहिमतुल्ला परत आला. "मफी फायदा, आपा, काय उपयोग नाय," म्हणाला आणि ते सर्टिफिकेट घडी घालून माझ्या टेबलावर ठेवलं. एवढं नीट घडी घातलेलं की मला रागच आला. माणसाने निदान चुरगाळावं.

इकडे नियमाचा विकास चालूच होता. नियम ही जिवंत वस्तू आहे, तिला रोज काहीतरी खायला लागतं. एक दिवस एक डंपर गेटमध्येच बंद पडला. पुढची चाकं आत, मागची बाहेर. ड्रायव्हरचा दर कोणता? कन्सल्टंटच्या साहेबाने इंग्लंडहून पुस्तक मागवलं. सरांनी पुस्तकाशिवाय निकाल दिला: ड्रायव्हर पुढे बसतो, म्हणून त्याला चालू दर, दगड मागे असतो, म्हणून त्याला नाही. निकाल इतका न्याय्य होता की ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. ती त्यांची चूक झाली, कारण टाळ्या ऐकून सर पुन्हा विचार करू लागले.

दुसऱ्या दिवशी मी परिपत्रक टाइप केलं: यापुढे सर्व डंपर्सनी गेटमधून उलटे आत यावे. कारण उघड होतं. उलटा आला की आधी दगड हद्दीत शिरतो, ड्रायव्हर सर्वांत शेवटी. आणि जाताना ड्रायव्हर सर्वांत आधी बाहेर. दर खेपेला दीड मिनिट वाचलं. (वर्षभरात किती वाचेल याचा तक्ता सरांनी केला. त्यात मान अवघडण्याचा रकाना नव्हता.)

यापुढची पायरी कुणालाही सुचली असती, फक्त सरांना आधी सुचली. आमचं गेट म्हणजे दोन पिंपं आणि त्यावर एक आडवा पाइप. समुद्र रोज भरत होता, काठ रोज पुढे जात होता. मग गेट का मागे राहावं? सरांनी गेट रोज काठाबरोबर पुढे न्यायचं ठरवलं, पाण्यापासून बरोबर एका हौद्याच्या अंतरावर. आता डंपर उलटा यायचा, हौदा गेटच्या आत, केबिन बाहेर. हौदा उचलला, दगड पाण्यात, पाइप खाली. दगड सार्वजनिक कामावर पडायचा आणि ड्रायव्हर खाजगी राहायचा. मागे तयार झालेली जमीन? ती झाली की काम संपलं. काम संपलं की ती साइट नाही.

सर्वांत जास्त हाल जगदीशचे. गेटबरोबर त्याची केबिनही क्रेनने उचलून रोज पुढे ठेवायचे.

"आपा," तो फोनवर म्हणाला, "माह्यं ऑफिस रोज समुद्राकडं सरकून राहिलं. एक दिवस मीच भरावात जाईन. मंग माहा रेट काढून ठेवजा, आतला का बाहेरचा."

आणि महिनाअखेरीला हद्दीतले तास किती भरले, तर बावीस जणांचे मिळून शून्य. चालू दराची कंपनीने तंतोतंत अंमलबजावणी केली होती. रहिमतुल्लाचं पाकीट जुन्याच दराचं. त्याने ते माझ्यासमोर उघडलंही नाही. "हमीदा म्हणते, जमत नसला तर ये म्हणून सांगू नका, पण खोटं पण सांगू नका," एवढं बोलून गेला.

मी त्याच्यासाठी काही केलं का? केलं. मी त्याला चहात दोन चमचे साखर जास्त घातली. माझ्या अधिकारातलं तेवढंच खातं होतं.

अशात बँकेचे तपासनीस येणार असल्याचं पत्र आलं. कन्सल्टंटच्या साहेबाने फर्मावलं की मजुरीचा नियम कामगारांना समजेल अशा लिपीत साइटवर, ड्रायव्हर राहतात त्या कॅम्पवर आणि ऑफिसात लावलेला दिसला पाहिजे. आमच्या ड्रायव्हरांत कोकणातले, हैदराबादचे, पेशावरचे. सगळ्यांना येईल अशी लिपी एकच, उर्दू. आणि ऑफिसात उर्दू लिहिता येणारी एकच, मी. मराठी शाळेतून सुटल्यावर मौलवीसाहेबांकडे संध्याकाळी शिकलेलं उर्दू. पण अक्षर असं वळणदार की लग्नपत्रिका माझ्याकडे लिहायला यायच्या. या अक्षराचा मला गर्व आहे, आणि त्याचा पुरावा आता येतो.

मजकूर साधा होता: चालू दर फक्त हद्दीच्या आत लागू. उर्दूत हद्दीला 'हद' म्हणतात. मी तो शब्द लिहिला आणि जरा उघडाबोडका वाटला. सरकारी कागदाला वजन हवं. म्हणून त्याच्याआधी अरबी थाटाचं 'अल' लावलं. 'अल-हद के अंदर.' काय सुंदर दिसलं! सरांना उर्दू येत नाही, त्यांनी अक्षराचं कौतुक केलं आणि शिक्का मारला. तीन प्रती लागल्या.

आता उर्दू-अरबीत बारीक मात्रा लिहीत नाहीत. वर 'जबर' आहे की खाली 'जेर', हे वाचणाऱ्याने आपल्या अनुभवावरून ओळखायचं असतं. ह आणि द ही दोन अक्षरं. जबर लावून वाचलं तर हद, म्हणजे सीमा. जेर लावून वाचलं तर हिद. आणि त्याआधी 'अल' असलं, तर जो माणूस रोज पाच वेळा डंपर घेऊन एका गावात शिरतो आणि दर वेळी त्या गावाची 'अल-हिद' अशी निळी पाटी वाचतो, तो काय वाचेल?

चालू दर फक्त हिद्दच्या आत लागू.

पहिला फोन जगदीशचा.

"आपा, तुम्ही का लिहून ठेवलं बापा? पोट्टे गावाच्या पाटीपासून टाइम लावून राहिले!"

"गेटपासून लावायचा, त्यांना सांग."

"सांगितलं. ते म्हणतात नोटीस वाचा. अन् आपा, अजून एक."

"काय?"

"कॅम्प हिद्दमध्येच हाय ना. ते झोपेचाही टाइम लावून राहिले."

मी फोन ठेवला आणि माझी ती सुंदर नोटीस पुन्हा वाचली. जबरने वाचली, जेरने वाचली. दोन्ही वेळा शुद्धलेखन निर्दोष होतं. एवढंच समाधान.

सरांच्या केबिनमध्ये सभा भरली. सर, मी, कन्सल्टंटचा साहेब आणि कागदपत्रांसाठी येणारा त्यांचा एक बहरीनी अधिकारी. साहेबाने त्या अधिकाऱ्याला विचारलं, यात काय लिहिलंय ते निःपक्षपणे वाचा. ते गृहस्थ नेमके हिद्दचेच, आजोबा-पणजोबांपासून. त्यांनी चष्मा लावला, आपल्या गावाचं नाव एवढ्या सुबक अक्षरात पाहून त्यांचा चेहरा खुलला, आणि त्यांनी निःपक्षपणे वाचलं: "हिद्दच्या आत." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "माशाल्ला, फार छान हात आहे."

"थँक्यू," मी म्हणाले. काय म्हणणार?

"नोटीस रद्द करा," सर म्हणाले.

साहेबाने पुस्तक उघडलं. शिक्का मारून लावलेली नोटीस रद्द करायची तर त्याची एक महिना आधी नोटीस द्यावी लागते, आणि तो महिना जुनी नोटीस लागू राहते. तपासनीस त्याच महिन्यात येणार होते.

"पण ही चूक आहे. भाषांतराची चूक आहे!"

"चूक असती तर तुम्ही शिक्का मारला नसता," साहेब म्हणाला. त्याच्या देशात बहुधा तसं असावं.

बरीच घासाघीस होऊन झोप वगळायचं ठरलं. हिद्दच्या आत जागेपणी घालवलेला वेळ तेवढा धरायचा. हा मसुदा मीच टाइप केला, आणि त्या आठवड्यापासून हिद्दमध्ये निद्रानाशाची साथ आली. बावीसच्या बावीस ड्रायव्हर. पूर्वी शुक्रवारी ही मंडळी बाब अल बहरीनच्या बाजारात उंडारायची. आता एकही हिद्द सोडेना. शुक्रवारी सकाळपासून दाढ्या करून, आंघोळी करून, स्वच्छ लुंग्या लावून सगळे कॅम्पच्या पायरीवर ड्यूटीवर बसलेले. कॅरम ड्यूटीवर, जेवण ड्यूटीवर. एकाचा दात दुखत होता, तो मनामाला डॉक्टरकडे जाईना. "महिना संपू दे," म्हणाला, "हद्दीबाहेर परवडत नाय."

तपासनीस आले आणि थक्क झाले. कामगार कामाच्या जागेवर एवढे खूष, सुट्टीतही तिथून हलायला नाखूष, असं त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं. त्यांनी तसा अहवाल दिला. कंपनीची स्तुती झाली. सर आजारी पडले.

महिना संपला. रहिमतुल्लाचं पाकीट त्या ठरावीक आकड्याच्या वर गेलं होतं. थोडंसंच, पण वर. आता सर्टिफिकेट हवं होतं 'मागील महिन्याच्या पगाराचं', आणि मागील महिना हा होता. मी ते टाइप केलं. यावेळी आत नाही, बाहेर नाही, एकच आकडा. प्रत्येक अक्षर खरं. रहिमतुल्लाला बाहेर बाकावर बसवलं आणि सरांच्या समोर ठेवलं.

सरांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"पुढच्या महिन्यात हा पगार असणार आहे का?"

"नाही, सर. कॅम्प आपण हिद्दबाहेर, सलमाबादला हलवतोय ना."

"मग?"

"सर्टिफिकेटात पुढच्या महिन्याचा रकाना नाही, सर."

बाहेर बाकावर रहिमतुल्ला दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून बसला होता, ते काचेतून दिसत होतं. सरांची स्वतःची बायको, वहिनी, रोज बारा वाजता डबा पाठवायच्या. तो टेबलावर होता, गुरुवार असल्यामुळे साबुदाण्याचा.

"रुकय्याबाई," सर म्हणाले, "हद्द झाली!"

"सर, जबर लावून की जेर लावून?"

एवढा मोठा माणूस, आधी लाल झाला, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. हसता हसताच सही केली. शिक्का त्यांनी स्वतः मारला, जरा वाकडाच. वाकड्या शिक्क्यालाही महिन्याची मुदत असते.

(पुढे लोक म्हणू लागले की रुकय्याआपाने मुद्दामच केलं. ड्रायव्हर मला लांबून सलाम करू लागले. माझे यजमान ताहिर यांनीसुद्धा जेवताना विचारलं, "खरं सांग, मुद्दाम लिहिलंस?" मी फक्त हसले. वास्तविक मला एवढी अक्कल असती तर मी सातवीत थांबले नसते. पण लोकांना आपल्याविषयी चांगला गैरसमज झाला असेल तर तो दूर करायचा कोणताही नियम मला फायलींत सापडलेला नाही.)

हमीदा आली. विमानतळावर मीही गेले होते. हिरवी साडी, डोक्यावर पदर, हातात नारळाच्या वड्यांचा डबा, अंगाने अगदी एवढीशी. टेपवर नऊ वर्षं बोलणारी बाई प्रत्यक्षात एक शब्द बोलेना. रहिमतुल्लाही बोलेना. दोघं ट्रॉलीच्या दोन बाजूंना उभे. शेवटी मीच म्हणाले, "यल्ला, घरी चला," तेव्हा कुठे हमीदाने विचारलं, "हे असे बारीक कधी झाले? टेपात तर समजला नाय."

आता घराविषयी. दर पुन्हा जुना झाला होता, आणि कॅम्पमध्ये बायको ठेवता येत नाही. आमच्याच गल्लीत, दुकानाच्या मागे, त्यांनी एक खोली घेतली. भाड्यात अर्धा पगार गेला. उरलेल्या अर्ध्यात बाणकोटचं कर्ज आणि इथलं जेवण. महिन्या दीड महिन्यात हमीदा माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आपा, कोणाच्या घरात काय काम हाय का? मना बसून करमत नाय." करमत नाही हे तिने फार छान म्हटलं. मी ते तसंच समजून घेतलं.

नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला काम करता येत नाही, म्हणून आम्ही बिल्डिंगमधल्या बायका त्याला काम म्हणत नाही. ती 'येते-जाते' असं म्हणतो. भांडी, लादी, कपडे, आणि मुलं शाळेतून येईपर्यंत घर. तिच्या हाताखालून गेलेला टोप मी आरशासारखा वापरते. आता द्यायचं किती, हा प्रश्न निघाला. मी मनात एक आकडा धरला होता, बऱ्यापैकी; रहिमतुल्लाची बायको, मीच तर तिला आणलं असं सगळे म्हणतात. पण तिसऱ्या मजल्यावरची लीना जिन्यात भेटली. तिला अंदाज आलाच.

"रुकय्या, प्लीज, रेट बिघडवू नकोस हं. तू जास्त दिलंस की आम्हाला सगळ्यांना द्यावं लागेल."

ते पटण्यासारखं होतं. मी चौथ्या मजल्यावर विचारलं, त्या लीनाइतकं देतात. लीनाला विचारलं, ती चौथ्या मजल्याइतकं देते. खालच्या दोघी म्हणाल्या, तुम्ही सगळ्या जे द्याल ते. अशा रीतीने आमच्या बिल्डिंगचा चालू दर निश्चित झाला. यावेळी तो खरोखर चालू आहे, ही समाधानाची गोष्ट. कुणालाही एक फिल्सही जास्त पडत नाही. मधल्या जिन्यातला वेळ धरत नाही, अर्थात. ती दारात आली की वेळ सुरू. कधी चपला काढायला बाहेर जरा थांबते, तेही आम्ही मोजत नाही. सणाला जुनी साडी वेगळी.

तरीसुद्धा कधी कधी वाटतं, आपण कमी तर देत नाही ना? तुम्ही हे वाचताय ते पुण्यात असाल, ठाण्यात असाल, कल्याणला असाल. तुमच्याकडे येतेच कुणीतरी. तुम्ही काय देता? आणि तो आकडा कुठून काढलात? समोरच्या फ्लॅटमधून ना? तेच म्हणते मी. मला जरूर कळवा, दुबईच्या माझ्या नणंदेलाही विचारलंय. फक्त एक विनंती: आकडा आमच्याहून जास्त असेल, तर फोनवर मोठ्याने सांगू नका. हमीदा आत भांडी घासते आहे, आणि नळ बंद केला की तिला सगळं ऐकू येतं.